‘रॉड्रिगेझ’ म्हणजे मूळचे ज्यू? खुलासा
‘-एझ’ने संपणारी स्पॅनिश आडनावं मूळची ज्यूंची, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. ‘-एझ’ म्हणजे ‘अमक्याचा मुलगा’. रॉड्रिगेझ म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा. अकराव्या शतकातला, स्पेनमधल्या कास्तीलचा विख्यात योद्धा एल सिद पाहा. वडील दिएगो लाइनेझ, तो स्वतः रॉड्रिगो दियाझ, म्हणजे दिएगोचा, आणि त्याचा मुलगा दिएगो रॉड्रिगेझ. तीन पिढ्या, तीन आडनावं! ती वंशपरंपरेनं चालू लागली ती पुढे. म्हणूनच सगळे रॉड्रिगेझ एका कुळातले नाहीत. रॉड्रिगो तर गावोगावी होते. बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंनीही हीच रुळलेली आडनावं लावली, इतकंच. आपल्या गोव्यातलं रॉड्रिग्ज हे त्याचंच पोर्तुगीज भावंड. बहुतेक घरांत ते धर्मांतराच्या वेळी आलं, त्यामुळे त्यावरून पोर्तुगीज रक्त ठरत नाही.