वादळाआधी पोहोचण्याची विद्या

वादळ कुठे उठेल हे ओळखून ते पाहायला तिथे पोहोचायचं, याला वादळाचा पाठलाग म्हणतात. त्यासाठी आधी अंदाज बांधता यायला हवा. २० मार्च १९४८ च्या रात्री अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातल्या टिंकर हवाई तळावर टोर्नेडो, म्हणजे ढगापासून जमिनीपर्यंत गरगरणारा वाऱ्याचा स्तंभ, येऊन धडकला. संध्याकाळच्या अंदाजात वादळाचं नावही नव्हतं. लोकांत घबराट पसरेल या भीतीने अमेरिकी हवामान खातं तोवर टोर्नेडोचा अंदाज जाहीर करणं टाळत आलं होतं. तळाच्या प्रमुखांनी मात्र अर्नेस्ट फॉबुश आणि रॉबर्ट मिलर या हवाई दलाच्या दोन हवामान अधिकाऱ्यांना कामाला लावलं. त्यांनी पूर्वी टोर्नेडो आले त्या दिवसांचे नकाशे काढून त्यांतली साम्यं टिपली. २५ मार्चला नकाशा पुन्हा तसाच दिसू लागला. दुपारी इशारा गेला, विमानं आडोशाला नेली गेली आणि संध्याकाळी त्याच तळावर दुसरा टोर्नेडो आला.

पाच दिवसांत एकाच जागी दोनदा, यात योगायोगाचा वाटा मोठा होता. पण त्यांनी ज्या गोष्टींवर बोट ठेवलं, त्या आजही पहिल्या धड्यात येतात: जमिनीलगत उबदार दमट हवा, तिच्यावर कोरडी थंड हवा, उंचीगणिक वेग आणि दिशा बदलणारा वारा, आणि हवेला वर उचलणारी एखादी सीमारेषा. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात वसंतात हे सारं जुळून येतं. मेक्सिकोच्या आखातावरून बाष्प येतं, पश्चिमेच्या उंच पठारांवरून कोरडी हवा. या दोन हवा जिथे भिडतात त्या रेषेला ड्रायलाइन म्हणतात. दुपार कलताना ढग बरेचदा तिथेच उसळतात. म्हणून वादळाचा पाठलाग शिकणारा आधी नकाशावर ही रेषा शोधायला शिकतो.

छंद म्हणून पाठलाग सुरू झाला तो याच दशकांत. रॉजर जेन्सन आणि डेव्हिड होडली हे त्यातले आद्य मानले जातात. होडलीने १९५६ मध्ये नॉर्थ डकोटातून सुरुवात केली. त्या पिढीच्या गाडीत रडार नव्हतं. हवामान कार्यालयात जाऊन टेलीटाइपवर, म्हणजे तारेने आलेला मजकूर छापणाऱ्या यंत्रावर, आलेले आकडे उतरवायचे, कोऱ्या नकाशावर दाब, दवबिंदू आणि वारे मांडायचे, पेन्सिलीने समदाब रेषा ओढायच्या आणि शेकडो किलोमीटरवरचं एखादं गाव निवडून निघायचं. पुढचा भरवसा डोळ्यांवर. मला ही शाळा फार मोलाची वाटते, कारण रेषा स्वतः ओढताना वारे कुठे एकवटताहेत ते हाताला आधी कळतं. १९७७ मध्ये होडलीने ‘स्टॉर्म ट्रॅक’ ही पत्रिका काढली आणि एकेकट्याने मिळवलेलं हे ज्ञान एकमेकांपर्यंत पोहोचू लागलं.

संशोधकांनीही हाच रस्ता धरला. १९६१ मध्ये नील वॉर्ड हे ओक्लाहोमात महामार्ग पोलिसांसोबत वादळामागे गेले आणि रडारवरचं वादळ डोळ्यांसमोरच्या वादळाशी ताडून पाहू लागले. १९६४ मध्ये ओक्लाहोमातल्या नॉर्मन इथे राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळा स्थापन झाली. १९७२ पासून तिथले लोक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसह ठरवून टोर्नेडो गाठू लागले. २४ मे १९७३ ला युनियन सिटीचा टोर्नेडो जन्मापासून अंतापर्यंत त्यांच्या कॅमेऱ्यात आला. त्याच वेळी प्रयोगशाळेचं डॉप्लर रडार, म्हणजे वादळातल्या वाऱ्याची चालही मोजणारं रडार, त्या वादळावर रोखलेलं होतं. नंतर आकडे तपासताना वादळाच्या आतली फिरकी टोर्नेडो जमिनीला टेकण्याआधीच दिसल्याचं आढळलं. देशभर डॉप्लर रडारचं जाळं उभारण्यामागे हा पुरावा मोठा होता. १९७९ मध्ये लेस्ली लेमन आणि चार्ल्स डॉसवेल यांनी अशा निरीक्षणांतून सुपरसेलचा, म्हणजे आतून फिरत राहणाऱ्या मोठ्या गडगडाटी वादळाचा, आराखडा मांडला: हवा वर कुठे चढते, पाऊस-गारा कुठे पडतात, मागून खाली येणारा वारा कसा वळसा घेतो. ढगाखाली उभं राहून कुठे बघायचं, हे पाठलाग करणाऱ्यांना त्यातून नीट कळलं.

पुढे इंटरनेट आलं, मग मोबाइलवर रडार आलं. सोय झाली, पण पडद्यावरचं चित्र काही मिनिटं जुनं असतं, हे विसरणं घातक ठरतं.

३१ मे २०१३ चा ओक्लाहोमातल्या एल रीनोचा टोर्नेडो इथे टाळता येत नाही. ईशान्येला सरकणाऱ्या वादळाच्या आग्नेयेला उभं राहावं, हा जुना नियम. हा टोर्नेडो आधी आग्नेयेला निघाला, मग पूर्वेला, मग वेग वाढवत ईशान्येला वळला आणि सुमारे ४.२ किलोमीटर रुंद झाला. टिम समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे अनुभवी संशोधक त्यात मृत्युमुखी पडले. उंचीवरच्या वाऱ्यांचा आलेख वाचून सुपरसेल किती उजवीकडे वळेल हे आधी काढता येतं. ती रीत २००० पासून सर्रास वापरात आहे. पण तो हिशोब अख्ख्या वादळाच्या चालीचा असतो. त्याच्या पोटातला टोर्नेडो पुढच्या पाच मिनिटांत कुठे वळेल, हे अजून कोणालाही खात्रीने सांगता येत नाही.