गच्चीवर, अंगणात, पार्किंगवर पत्रा टाकण्याआधी
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

होळी झाली की फोन सुरू होतात: "पावसाच्या आत शेड होईल ना?" सांगाडा आणि पत्रे दोन-चार दिवसांचं काम आहे. वेळ खातात ते कागद. मुंबईत पाऊस पोचण्याची सरासरी तारीख 11 जून. सोसायटीची सभा, ठराव, इंजिनिअरचा नकाशा आणि वॉर्ड ऑफिसमधला अर्ज एवढं सगळं त्याआधी बसवायचं तर मेमध्ये धावपळ करून उपयोग नाही. परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय आम्ही ॲडव्हान्स घेत नाही. काही ग्राहक त्यावर रागावतात, ते चालेल.

पावसाळी शेड

गळणाऱ्या गच्चीवर ताडपत्री किंवा पत्रा टाकायला महापालिका तात्पुरती परवानगी देते, ती फक्त पावसाळ्यापुरती. अर्ज वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागात करायचा. सोसायटीची गच्ची सामाईक असते, त्यामुळे अर्ज सोसायटीच्या नावाने आणि सर्वसाधारण सभेच्या ठरावासह हवा. वरच्या मजल्यावरच्या एकट्या सभासदाच्या सांगण्यावरून आम्ही काम धरत नाही, मग गळती त्याच्याच छतातून होत असली तरी.

पाऊस संपला की शेड उतरवायची, हे परवानगीतच आलं. म्हणून पावसाळी शेड आम्ही वेल्डिंगने जोडत नाही, नट-बोल्टवर उभी करतो आणि उतरवण्याची मजुरी सुरुवातीलाच बिलात धरतो. दिवाळीनंतर "राहू द्या, पुढच्या वर्षी कामाला येईल" असं म्हणणारे बरेच भेटतात. पण तोपर्यंत शेडखाली जुनी कपाटं, मग टेबल टेनिसचं टेबल आणि शेवटी वॉचमनची खाट आलेली असते. पालिकेचा माणूस पाहणीला आला की त्याला ती पावसाळी शेड दिसत नाही, वाढीव मजला दिसतो.

आणखी एक गोष्ट. कोब्यात भोक पाडून अँकर बोल्ट ठोकला, तर गळती थांबवायला आणलेली शेडच नवी गळती सुरू करते. आमच्या खांबांच्या बेस प्लेट काँक्रीटच्या ठोकळ्यांवर बसतात. ठोकळ्याचं वजन किती आणि खांब कुठे, ते स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो. त्याची फी वाचवू नका. 13 मे 2024 च्या वादळी वाऱ्यात घाटकोपरचं होर्डिंग कोसळलं. आपला पत्रा त्यामानाने छोटा, पण सातव्या मजल्यावरून सुटला तर खाली रस्ता आहे.

शेडच्या बाजू बंद करून मागू नका. पावसाच्या झडीसाठी वरून थोडा पडदा ठीक, चारी बाजूंनी भिंत नाही. 29 डिसेंबर 2017 ला कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि 14 जण गेले. त्यानंतर झाकलेल्या गच्च्यांकडे पालिका आणि अग्निशमन दल वेगळ्या नजरेने पाहतात, आणि ते बरोबरच आहे.

कौलं काढून पत्रा

चाळी, गावठाणं आणि बैठ्या घरांतली मंडळी इथेच फसतात. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 च्या कलम 342 मध्ये किरकोळ दुरुस्तीला सूट आहे: गिलावा, रंग, फरशी बदलणं, नळ आणि ड्रेनेजचे पाइप, आणि छप्पर त्याच प्रकारच्या साहित्याने बदलणं. त्याच प्रकारच्या, हे नीट वाचा. मंगलोरी कौलांच्या जागी कौलं घातली तर सूट लागू होते. कौलं काढून पत्रा किंवा स्लॅब टाकला, उंची वीतभर वाढवली, पोटमाळा काढला, तर सूट संपली. "फक्त दुरुस्ती" म्हणून सांगितलेल्या कामात ही तिन्ही एकदम असतात, असा आमचा अनुभव आहे.

शेड जुनी असेल तर डेटम लाइन, म्हणजे जुन्या बांधकामाला संरक्षण मिळण्याची शेवटची तारीख, विचारली जाते: निवासी बांधकामासाठी 17 एप्रिल 1964, बिगरनिवासीसाठी 1 एप्रिल 1962. त्याआधीपासून असल्याचा पुरावा म्हणजे जुनी कर-पावती, वीजबिल, भाड्याची पावती. संरक्षण मिळतं ते होत्या त्या मापाला. जुनी उतरवण्याआधी फूटपट्टी धरून फोटो काढून ठेवा.

पार्किंग आणि डेक

उघड्या पार्किंगवर आपल्या गाडीपुरती शेड हवी असणाऱ्यांनी आधी सोसायटीशी बोलावं. उघडी किंवा स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) पार्किंगची जागा बिल्डर गॅरेज म्हणून विकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं आहे. "मी विकत घेतलीय" हे तिथे चालत नाही. अग्निशमनाची गाडी आत वळायची जागा तर आम्ही कधीच झाकत नाही.

लाकडी डेकचा त्रास पाण्याचा असतो. डेकखालचं पाणी जायचं जाळीचं तोंड झाकलं जातं आणि खालच्यांच्या छताला ओल येते. आम्ही डेक उचलता येणाऱ्या तुकड्यांतच करतो. पर्गोलावर (वरून उघड्या पट्ट्यांच्या मांडवावर) पॉलिकार्बोनेटचा पत्रा घातला की ते छप्परच धरलं जाऊ शकतं, त्यालाही आधी विचारायचं.

कोणाला विचारायचं

बहुतेक ठिकाणी वॉर्ड ऑफिस. म्हाडाच्या वसाहतीत म्हाडा, झोपु योजनेच्या इमारतीत झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) एमएमआरडीए, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) नियम, फोर्ट-मरीन ड्राइव्हकडे वारसा समिती. मोबाइलवर फिरणारा राज्याच्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीचा पीडीएफ दाखवू नका, ती बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीला लागू नाही. इथे 2018 पासून लागू असलेली, 2034 च्या विकास आराखड्याची विकास नियंत्रण नियमावली चालते.

नोटीस आली तर

वरच्याच 1888 च्या अधिनियमातलं कलम 354 अ म्हणजे चालू काम थांबवा; 24 तासांत परवानगी दाखवता आली नाही तर पाडकाम. कलम 351 म्हणजे उभ्या बांधकामाचा खुलासा, मुदत सात दिवस. नोटीस घ्यायला नकार देऊ नका, ती दारावर चिकटवली जाते आणि दिवस मोजले जातातच. त्याच दिवशी वकिलाला आणि आम्हाला कळवा, आमच्याकडच्या मापांच्या आणि बिलांच्या प्रती देऊ.

माप घ्यायला आमचा माणूस येईल तेव्हा सोसायटीचा ठराव, मंजूर नकाशाची प्रत आणि असल्यास जुनी परवानगी काढून ठेवा. आणि गच्चीची किल्ली वॉचमनकडून आदल्या दिवशीच मागून घ्या.