परक्या नजरेला दिसणारा अमेरिकी उमेदवार

११ सप्टेंबर २०२४, सकाळचे साडेसहा. अमेरिकेत अजून आदल्या दिवशीची रात्र होती आणि आमच्या टीव्हीवर हॅरिस-ट्रम्प वादचर्चा सुरू झाली होती. आईला इंग्रजी फारसे कळत नाही, त्यात आवाज बारीक. गवार मोडता मोडता तिने एकदा पडद्याकडे पाहिले नि म्हणाली, "बाई खमकी दिसते. हीच येणार बघ निवडून." नोव्हेंबरात निकाल उलटा लागला.

'दिसते' आणि 'येणार' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक संशोधकांनी फार सुंदर उलगडला आहे.

प्रिन्स्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००५ साली अमेरिकी सिनेटच्या (तिथल्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या) प्रतिस्पर्धी उमेदवारांचे फोटो लोकांना अवघा एक सेकंद दाखवले आणि विचारले, यातला जास्त कर्तबगार कोण वाटतो? ओळखीचे चेहरे वगळले. तरी सुमारे दोन तृतीयांश लढतींत 'कर्तबगार' वाटलेलाच जिंकलेला निघाला. नाणे उडवून निम्म्याच जुळल्या असत्या.

हे मत बनवायला मेंदूला सेकंदाचा दहावा भागही पुरतो. एवढ्या वेळात तो गुण कुठले पारखणार? तो फक्त साम्य शोधतो. तान्ह्या बाळाचे डोळे चेहऱ्याच्या मानाने मोठे, गाल गोल, हनुवटी छोटी. असा चेहरा दिसला की 'याला जपायला हवे' ही भावना आपोआप जागी होते. बाळाच्या बाबतीत ती उपयोगाचीच. पण पन्नाशीच्या गृहस्थाची हनुवटी मुळातच लहान असेल, तर तीच भावना त्यालाही चिकटते आणि तो भोळा, कच्चा वाटतो. ओठांचे कोपरे जन्मतः वर वळलेले असले, की माणूस सदा हसरा, म्हणून विश्वासू वाटतो. याला अतिसामान्यीकरण म्हणतात. मेंदूची ही सवय देशोदेशी बरीच सारखी आहे.

निकोलस रूल, नलिनी अंबाडी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकी व जपानी लोकांना दोन्ही देशांच्या उमेदवारांचे चेहरे दाखवले. करारी कोण, प्रेमळ कोण यावर दोघांचे चांगलेच एकमत झाले. मात्र अमेरिकेत मते मिळाली होती करारी चेहऱ्यांना, जपानमध्ये प्रेमळ चेहऱ्यांना. आणि 'कोण जिंकेल?' असे थेट विचारल्यावर प्रत्येकाचा अंदाज स्वतःच्याच देशापुरता जुळला. परदेशी उमेदवाराला त्यांनी आपल्याच घरची मोजपट्टी लावली होती! आईनेही तेच केले असावे, अर्थात एका उदाहरणावरून काही सिद्ध होत नाही.

सामुद्रिकवाल्यांनी आणि फोटोवरून स्वभाव सांगणाऱ्या अ‍ॅपवाल्यांनी याचा आधार घेऊ नये. या प्रयोगांत उमेदवाराची खरी कर्तबगारी मोजलेलीच नाही, मोजले आहे ते बघणाऱ्याचे मत. शिवाय चेहऱ्यामुळेच कुणी जिंकले, असेही यातून ठरत नाही. पक्ष, पैसा, आधीचे पद यांचा वाटा असतोच.

हे सगळे ऐकून आईने विचारले, "आपल्या लोकांना विचारलं का कुणी?" विचारले आहे. २०१० मध्येच आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात भारतीय आणि अमेरिकी लोकांनी मेक्सिको व ब्राझीलचे उमेदवार नुसत्या फोटोंवरून जोखले. चांगला नेता कोण वाटतो यावर दोघांचे बरेच जमले, आणि तिथले निकालही त्या मतांशी बऱ्यापैकी जुळले.