गप्पी आता टिकत का नाही?

"नागपूरच्या उन्हात गप्पी मासा जगत नाही," असं बर्डीवरच्या शोभेच्या माशांच्या दुकानात परवा पुन्हा ऐकलं. मला हे मुळीच पटत नाही. डासांच्या अळ्या खायला टाक्यांत आणि नाल्यांत सोडलेला गप्पी याच शहरात ४५ अंशांचा मे काढतो. जात तीच. मग पंख्यासारख्या शेपटीचा, जोडीने विकत आणलेला गप्पी पंधरा दिवसांत उलटा का तरंगतो? गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, प्रवासात रोगही लागतात. पण तेवढ्याने मरावं इतका तो नाजूक झाला कशाने?

उत्तर त्याच्या वंशावळीत आहे. गप्पीच्या नराचे काही रंग फक्त नरात असणाऱ्या वाय गुणसूत्रावरून थेट बापाकडून मुलाकडे जातात, हे विंगे या डॅनिश शास्त्रज्ञाने १९२२ मध्ये दाखवलं. म्हणून देखणा नर मिळाला की पैदास करणारे त्याचाच वंश धरून ठेवतात आणि भावाबहिणींच्याच जोड्या लावतात.

आता हिशेब बघा, मला तो फार आवडतो. प्रत्येक जनुकाच्या आईबापांकडे मिळून चार प्रती. त्यांच्या पिल्लांची, म्हणजे भावाबहिणीची जोडी लावली, तर त्यातली ठरावीक एक प्रत नातवाला दोन्हीकडून मिळण्याची शक्यता १/१६. प्रती चार, म्हणून कुठली तरी प्रत अशी दुहेरी होण्याची शक्यता ४/१६, म्हणजे २५ टक्के. अशाच जोड्या लावत गेलं, तर पुढच्या पिढीत ३७.५, मग ५०, दहाव्या पिढीत जवळपास ८९ टक्के. गप्पीच्या दहा पिढ्या साधारण तीन वर्षांत होतात. एकेरी असताना लपून राहणारे दोष असे दुहेरी होऊन उघडे पडतात. रोगजंतू ओळखणाऱ्या जनुकांतली विविधताही जाते. निसर्गात मादी वेगळ्या रंगाच्या, विरळ नराला पसंती देते, त्यामुळे सरमिसळ होत राहते. काचेच्या टाकीत तिला निवड कुठली?

मासा मेला की "घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं" म्हणतात आणि दुकानातल्या त्याच टाकीतला दुसरा आणतात. संकट त्याच्या जनुकांत होतं, तुमच्या घरात नव्हतं.

घरी पैदास करणाऱ्यांनी दुसऱ्या वंशाचा नर आणावा, दोनतीन आठवडे वेगळा ठेवून मगच सोडावा. मादी मात्र कोरी हवी. एकदा नराशी संबंध आला की ती शुक्राणू काही महिने साठवते, आणि नवा नर आणूनही पिल्लं जुन्याचीच होऊ शकतात. म्हणून मादी पिल्लं तीन आठवड्यांच्या आतच वेगळी काढा.