चॅप्टर

चॅप्टर : इंग्रजीतून आलेला शब्द. कारवाईच्या अर्थी स्त्रीलिंगी, माणसाला लावला तर पुल्लिंगी. शाळेत धडा, पोलीस ठाण्यात प्रतिबंधक कारवाई, नाक्यावर बिलंदर माणूस. ठाणे आणि नवी मुंबईत तिन्ही अर्थ चालतात, पण 'त्याच्यावर चॅप्टर लागली' असे ऐकल्यावर कोणाला पाठ्यपुस्तक आठवत नाही.

पोलिसी अर्थाचे मूळ फौजदारी प्रक्रिया संहितेत आहे. 1898 च्या आणि पुढे 1973 च्या संहितेतही शांतता व चांगल्या वर्तणुकीची हमी घेण्याची कलमे आठव्या प्रकरणात होती. त्या प्रकरणाखालची केस ती 'चॅप्टर केस', बोलण्यात नुसती चॅप्टर. कलम 107 शांतताभंगाच्या शक्यतेसाठी, मुचलका म्हणजे लेखी हमी जास्तीत जास्त एक वर्षाची. कलम 110 सराईत गुन्हेगारांसाठी, मुदत तीन वर्षांपर्यंत. मुचलका मोडला तर रक्कम जप्त होऊ शकते.

व्यवहारात गोष्ट बहुधा क्षुल्लक असते. कोपरखैरण्यात गाडी लावण्यावरून दोन शेजारी हमरीतुमरीवर येतात, एक जण पोलीस ठाण्यात जाऊन एनसी (अदखलपात्र तक्रार) नोंदवतो आणि काही दिवसांनी कारणे दाखवा नोटीस दोघांच्याही दारात येते. 'तक्रार मी केली, मग मलाच चॅप्टर कशी?' हा ठरलेला प्रश्न. इथे चूक कोणाची हे ठरवायचे नसते. पुन्हा जुंपेल का, एवढेच पाहायचे असते. म्हणून चॅप्टर म्हणजे शिक्षा नव्हे, गुन्हा सिद्ध झाला असेही नव्हे. गल्लीत मात्र हा फरक कोणी मानत नाही.

सुनावणी कोर्टात नसते, ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे होते. ठाणे शहरात 1981 पासून आणि नवी मुंबईत 1994 पासून पोलीस आयुक्तालय असल्याने दंडाधिकाऱ्याचे हे काम सहायक पोलीस आयुक्तच पाहतात. मुरबाड-शहापूरच्या ग्रामीण भागात त्यासाठी तहसील कचेरी गाठावी लागते. नोटीस काढणारे आणि ऐकून घेणारे एकाच खात्याचे, ही शहरी पद्धतीतली खटकणारी बाब. संहितेतल्या या आठव्या प्रकरणाच्या वैधतेला समाजवादी नेते मधू लिमयांनी आव्हान दिले होते. 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले, पण अधिकार जपून वापरण्याची अट घालूनच. निवडणुका किंवा दहीहंडी-गणपती जवळ आले की नोटिसांचा गठ्ठा फुगतो.

माणसाला लावल्यावर शब्दात थोडे कौतुकही मिसळते. 'एक नंबरचा चॅप्टर आहे' म्हणजे लबाड, पण हुशार. आई हे आपल्या मुलाबद्दलही म्हणते. 'चॅप्टर क्लोज' म्हणजे विषय संपला.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. ही कलमे आता नवव्या प्रकरणात गेली, 107 चे 126 झाले आणि 110 चे 129. बोलण्यात मात्र अजून 'एकशेसातची चॅप्टर'च आहे.