तार सप्तक वेगळं, हेड व्हॉइस वेगळा

सप्ताहाच्या मांडवात, गाण्याच्या क्लासमध्ये आणि आवाज कसा लावावा हे शिकवणाऱ्या व्हिडिओंत एकच समीकरण फिरतंय: मंद्र (खालचं सप्तक) म्हणजे चेस्ट व्हॉइस (छातीत जाणवणारा जाड आवाज), मध्य म्हणजे मिक्स (दोन्हींचं मिश्रण), तार (वरचं सप्तक) म्हणजे हेड व्हॉइस (डोक्यात जाणवणारा पातळ आवाज). तिकडे तीन, इकडे तीन, लावा जोड्या. हे ऐकून ऐकून मी वैतागलो आहे, कारण यापायी चांगले गळे बसतात.

सप्तक तुम्हाला ठाऊक आहे. पेटीवर षड्ज, म्हणजे सा, धरला की दुप्पट कंपनांवर तार षड्ज आणि निम्म्यावर मंद्र. षड्ज हलवला की तिन्ही सप्तकं त्याच्यामागे हलतात. इथं कुणाचा घोळ होत नाही.

चेस्ट, हेड ही मात्र रजिस्टरं आहेत, आणि रजिस्टर षड्जाला ओळखत नाही. ते गळ्याच्या घडणीत असतं. मॅन्युएल गार्सिया या गायनगुरूंनी १८४० मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीपुढे मांडलेली व्याख्या आजही कामाची आहे: एकाच यंत्रणेतून निघणारी, एकसारख्या जातीच्या सुरांची सलग रांग म्हणजे एक रजिस्टर. चेस्ट व्हॉइसमध्ये स्वरतंतू जाड असतात आणि पूर्ण जाडीनिशी एकमेकांवर आपटतात. वरच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे हेड व्हॉइसमध्ये, ते ताणले जाऊन पातळ होतात आणि मुख्यतः त्यांच्या कडाच थरथरतात. दोन्ही वेळी आवाज गळ्यातच तयार होतो. छाती दणदणते किंवा डोक्यात घुमतं, ती गाणाऱ्याला होणारी जाणीव आहे.

घोळाचं मूळ आपल्या अंगणातच आहे. १३व्या शतकात इथंच, देवगिरीच्या यादव दरबारात, शार्ङ्गदेवांनी 'संगीतरत्नाकर' लिहिला. मंद्र हृदयात, मध्य कंठात आणि तार मूर्धेत, म्हणजे डोक्यात, असं त्यांनी म्हटलंय. लोक एवढंच उचलतात आणि सांगतात, बघा, आपल्याकडे चेस्ट आणि हेड आधीपासूनच होतं. पण तिथंच पुढे प्रत्येक वरचं स्थान खालच्याच्या दुप्पट असल्याचंही लिहिलंय. ते सुराच्या उंचीबद्दल बोलतायत. स्वरतंतू जाड की पातळ, याबद्दल तिथं अक्षर नाही. शार्ङ्गदेवांच्या तोंडी न बोललेली गोष्ट घालणं मला अजिबात रुचत नाही.

आता पेटी घ्या. पुरुषाने काळी एकचा, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा, षड्ज धरावा आणि 'आ'कारात, मध्यम आवाजात, जोर न लावता मींडेने, म्हणजे सूर न तोडता घसरत, वर जावं. एका ठिकाणी आवाज अडतो, सटकतो किंवा एकदम बारीक होतो. तो सांधा. समजा तो वरच्या पांढरी तीनवर आला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३३० कंपनांवर. काळी एकच्या षड्जाला तो तार सप्तकातला कोमल गंधार. आता षड्ज काळी दोनवर न्या आणि पुन्हा वर जा. सांधा त्याच पांढरी तीनच्या आसपास येईल, पण आता तो तार कोमल ऋषभ झाला. पांढरी चार धरली तर तोच सांधा मध्य सप्तकातल्या शुद्ध निषादावर येतो. सप्तक बदललं, गळा जागच्या जागी. हा प्रयोग प्रत्येक शिष्याकडून पेटीसमोर बसवून करून घ्यावा, तोंडी सांगून भागत नाही.

बायकांच्या बाबतीत समीकरण आणखीच कोलमडतं. त्यांचा चेस्टमधून हेडमध्ये जायचा सांधाही साधारण याच टापूत, पांढरी तीन-चारच्या आसपास असतो. पण त्या गातात काळी चार, काळी पाचमध्ये. काळी चारच्या षड्जाला पांढरी चार म्हणजे मध्य सप्तकातला शुद्ध धैवत. म्हणजे तार षड्ज यायच्या आधीच बाईचं रजिस्टर बदलू लागतं. तिला 'तार सप्तक आलं की डोक्यातून गा' असं सांगणाऱ्याने तिचा पंचम-धैवत-निषाद वाऱ्यावर सोडलेला असतो. मग धैवतावर आवाज कापतो आणि रियाज कमी पडला म्हणून बोलणी तिलाच बसतात.

सांधा एका रेषेवर खिळलेला नसतो, हे खरं. मोठ्याने गायलं की जाड आवाज आणखी चार सूर वर रेटता येतो. हरिनाम सप्ताहात नेमकं तेच चालतं. पट्टी, म्हणजे धरलेला षड्ज, आधीच उंच, माइक असूनही टाळ-पखवाजाच्या वर आवाज काढायचा हट्ट. गायनाचार्य चाल चढवतात, हनुवटी वर जाते, मानेच्या शिरा ताणतात आणि काल्याच्या दिवशी बोलायलाही आवाज उरत नाही. ही भक्तीची कसोटी मानू नये. जाड आवाजाची हद्द संपल्यावरही त्याला रेटण्याचा तो परिणाम आहे.

बाकीचे शब्द किरकोळ. फॉल्सेटो म्हणजे पुरुषाचा पातळ स्वरतंतूंचा आवाज, बहुधा हवा मिसळलेला. नाथांच्या भारुडात बाईचं सोंग घेतलेला गडी काढतो, तो. पुरुषांत हेड व्हॉइस आणि फॉल्सेटो यांची सीमा प्रत्येक परंपरा वेगळी आखते, त्यावर भांडत बसू नका. व्होकल फ्राय म्हणजे तळाचा करकरणारा आवाज. पहाटेच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या, रियाजाशी त्याचा संबंध नाही. खर्जात सूर स्पष्ट लागला पाहिजे. 'पोटातून गा' ही सूचना श्वासाची आहे, रजिस्टरची नाही.

पट्टी ठरवताना पेटीवाले विचारतात, 'महाराज, कितीची धरू?' उत्तर षड्ज कुठं सोपा जातो यावरून देऊ नका. चालीतला सगळ्यात वरचा सूर आणि मुक्काम जास्त असलेला सूर आधी काढा, ते तुमच्या सांध्याच्या कोणत्या बाजूला पडतात ते पेटीवर बघा आणि मुक्कामाचा सूर नेमका सांध्यावर येत असेल तर पट्टी एक-दोन घर खाली घ्या. मंडळात बायका-पुरुष एकत्र असतील तर दोघांची वेगवेगळी तपासा.