त्सुकेमेन वेगळं, माझेसोबा वेगळं

रामेन म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घोळ होतो तो टोकियोतल्या आठ-दहा खुर्च्यांच्या एखाद्या दुकानात, जेवणाचं तिकीट देणाऱ्या मशीनवर रश्श्याशिवायच्या नूडल्सचं चित्र दिसतं तेव्हा. मग त्सुकेमेन असो की माझेसोबा, परत आल्यावर सगळे सरसकट म्हणतात, ‘सुकं रामेन खाल्लं.’ फोटो एकाचा आणि वर्णन दुसऱ्याचं, हे तर नेहमीचंच. मला याचा मनापासून त्रास होतो, कारण हे दोन पदार्थ मुळातच उलट विचाराने केलेले आहेत.

ओळखायचे कसे? त्सुकेमेनचे दोन वाडगे येतात, एक नूडल्सचा आणि एक बुडवायच्या रश्श्याचा. माझेसोबाचा एकच, त्यातच सगळं ढवळून खायचं. झालं.

खरी मेख नूडल्स उकळून झाल्यानंतर आहे. त्सुकेमेनच्या जाड नूडल्स शिजल्या की आचारी त्या गार पाण्याखाली हाताने चोळून धुतो. वरचा पिठूळ चिकटपणा निघून जातो, नूडल गुळगुळीत आणि चिवट होते, गव्हाची चव स्वच्छ लागते. पण गुळगुळीत नूडलला चव धरवत नाही. म्हणून शेजारच्या वाडग्यातला रस्सा मुद्दाम दाट, खारट, बऱ्याचदा आंबटसर केलेला असतो. हल्ली तो बहुधा डुकराची हाडं आणि सुकी मासळी यांचा. तो ओतून घ्यायचा नसतो. कोकणात शिरवाळे नारळाच्या रसात घासाघासाला बुडवून खातात, तसंच इथे. सगळा रस्सा नूडल्सवर उपडा करून ‘फार खारट होतं बुवा’ म्हणणाऱ्यांनी आचाऱ्याला दोष देऊ नये. घास अर्धाच बुडेल, हे धरूनच त्याने मीठ घातलेलं असतं.

माझेसोबात नूडल्स सहसा धुतच नाहीत. जपानमधल्या नागोयाच्या ‘मेन्या हानाबी’ या दुकानात, जिथे 2008 मध्ये ताइवान माझेसोबा हा तिखट खिम्याचा प्रकार जन्मला, उकडलेल्या नूडल्स गाळणीतच दांड्याने घुसळतात. त्यांचा पृष्ठभाग खरवडला जातो आणि पिठूळपणा आणखी सुटतो. त्सुकेमेनवाला जे धुऊन टाकतो, त्याच्याच जोरावर इथे तळाचा सोयासॉसचा मसाला, तिखट खिमा, कच्चं पिवळं बलक, लसूण आणि माशाची पूड नूडलला धरून राहतात. हा खिमा खरं तर रश्श्याच्या ताइवान रामेनसाठी केला होता. दुकानाच्या रश्श्याशी त्याचं जमेना, तो टाकून द्यायची वेळ आली, तेव्हा नुसत्या नूडल्सवर घालून पाहिला गेला. म्हणून वाडगा समोर आला की फोटो एकच काढा आणि लगेच तळापासून ढवळा. वरून टोकरत बसलात तर आधी फिक्या नूडल्स आणि शेवटी नुसता खारट मसाला वाट्याला येतो.

त्सुकेमेन यापेक्षा बरंच जुनं. टोकियोतले रामेनचे आचारी काझुओ यामागिशी यांनी उरलेल्या नूडल्स रश्श्यात बुडवून खायचं दुकानातल्या कामगारांचं जेवण 1955 मध्ये गिऱ्हाइकांना द्यायला सुरुवात केली. 1961 मध्ये त्यांनी टोकियोतल्याच हिगाशी-इकेबुकुरोला ‘ताइशोकेन’ हे स्वतःचं दुकान काढलं आणि पुढे तिथे रांगा लागायला लागल्या. आबुरासोबा माझेसोबाचाच जुना भाऊबंद, मांडणी जरा साधी. त्यातला फरक खाताना फारसा अडत नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

शेवटही दोघांचा वेगळा. त्सुकेमेन संपलं की उरलेल्या रश्श्यात गरम पातळ रस्सा घालून मागायचा आणि तो प्यायचा. याला सूप-वारी म्हणतात. माझेसोबाच्या तळाशी उरलेल्या मसाल्यात मूठभर भात मिळतो, तो ओइमेशी. बरीच दुकानं दोन्ही फुकट देतात. न मागता उठून जाणं म्हणजे जेवण अर्धवट सोडणं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने त्सुकेमेनच घ्यावं आणि नूडल्स गारच घ्याव्यात. ‘आत्सुमोरी’ म्हटलं की त्या पुन्हा गरम पाण्यातून काढून देतात खऱ्या, पण धुऊन कमावलेला चिवटपणा त्यात सैलावतो. रस्सा निवतो ही तक्रार रास्त आहे. काही दुकानांत त्यात तापवलेला दगड टाकून देतात, नाहीतर गरम करून मागावा. शाकाहारी मंडळींनी मात्र वरचं मांस बाजूला काढून भागेल असं समजू नये. मासळी एकात रश्श्यात असते, दुसऱ्यात पूड होऊन प्रत्येक नूडलला लागलेली असते, त्यामुळे खास शाकाहारी रामेनचं दुकान शोधूनच जावं.